वाटा, उधारी आणि दर्या : मच्छीमार गावाच्या समूहजीवनाच्या चित्रणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

समुद्रकाठच्या मच्छीमार गावाविषयी मराठी वाचकाच्या मनात साधारणतः दोन प्रतिमा असतात. पहिली प्रतिमा उत्सवाची आहे. नारळी पौर्णिमेचा नारळ, रंगीत होड्या, लुगड्यातील कोळिणी आणि ठेक्यावर डोलणारे गीत यांनी ती घडलेली आहे. दुसरी प्रतिमा झुंजीची आहे. तीत वादळ, एकटा माणूस आणि अफाट समुद्र येतो. या दोन्ही प्रतिमा खोट्या नाहीत. मात्र त्या अपुऱ्या आहेत. पकडलेली मासळी कोणाकोणात आणि कशी वाटली जाते, होडी घेण्यासाठी पैसा कोठून येतो, होडी परत आली नाही तर त्या घरची चूल कोण पेटवतो, हे प्रश्न या प्रतिमांच्या बाहेर राहतात. मच्छीमार गाव हे 'गाव' म्हणून ज्या बंधांनी बांधलेले असते, ते बंध नेमके याच प्रश्नांच्या उत्तरांत असतात.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्रामुख्याने तीन कृतींचा विचार केला आहे. रेमंड फर्थ यांचा मलय मच्छीमारांवरील मानववंशशास्त्रीय ग्रंथ (१९४६), तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही मल्याळम कादंबरी (१९५६) आणि अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ च्या लघुकादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने केलेला मराठी अनुवाद या त्या तीन कृती होत. त्यांच्या जोडीला मराठी किनाऱ्यावरील रापण व डोल मासेमारीची रीत आणि लोकप्रिय कोळीगीत यांचा विचार केला आहे. या कृती भाषेने, काळाने व प्रकाराने भिन्न आहेत. तरीही मच्छीमार समाजातील सामाजिक बंध हे श्रम, वाटा आणि उधारी यांतून घडतात आणि साहित्याचे वाचन करताना ही बाब दृष्टीआड झाली तर त्या साहित्याचा अर्थही अर्धवटच लागतो, असे या कृतींच्या तौलनिक वाचनातून दिसते.

वाट्याचा हिशोब : फर्थ यांचा ग्रंथ

रेमंड फर्थ हे मालिनोव्स्की यांचे शिष्य. 'टिकोपिया' या पॅसिफिक बेटावरील अभ्यासाने ते प्रसिद्धीस आले होते. १९३९-४० मध्ये त्यांनी मलय द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केलांतान राज्यात, पेरुपोक या गावी राहून तेथील मच्छीमारांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नी रोझमेरी फर्थ यांनी त्याच गावातील घरखर्चाचा अभ्यास केला आणि तो १९४३ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. फर्थ यांचा ग्रंथ १९४६ मध्ये आला. मधल्या काळात, डिसेंबर १९४१ मध्ये, जपानी फौजा याच केलांतानच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. त्यामुळे ग्रंथ वाचकांच्या हाती आला तेव्हा त्यातील गाव युद्धपूर्व काळाचे झाले होते.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, समाजातील एकोप्याविषयी तो भावनेच्या भाषेत फारसे बोलत नाही. तो हिशोब मांडतो. मोठ्या जाळ्याची मासेमारी एकट्याने होत नाही. अनेक होड्या व अनेक हात लागतात. या समूहाचा म्होरक्या म्हणजे 'जुरुसेलाम'. पाण्यात बुडी मारून, कानाने माशांच्या थव्याचा अंदाज घेणारा तो जाणकार असतो. मिळालेल्या पैशांत जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, जुरुसेलामचा वाटा आणि प्रत्येक गड्याचा वाटा वेगवेगळा काढला जातो. गडी वेठबिगार नसतो. मनाविरुद्ध वाटणी झाली तर तो दुसऱ्या जाळ्यावर जाऊ शकतो. म्हणून चांगला जुरुसेलाम तोच, ज्याला मासे ओळखता येतात आणि माणसेही टिकवता येतात. अडचणीच्या वेळी उचल देणे, वाटणीत हात सैल ठेवणे हे त्याच्या नेतृत्वाचे भाग असतात. येथे औदार्य हा केवळ स्वभावगुण राहत नाही; ते व्यवसायाचे साधनही ठरते. यामुळे औदार्याचे मोल कमी होत नाही. उलट ते कोणत्या परिस्थितीत आवश्यक होते, हे स्पष्ट होते.

या ग्रंथाला मर्यादा आहेत. हिशोबात भीती, शोक आणि श्रद्धा पुरेशा उतरत नाहीत. होडीचा हिशोब पतीच्या ग्रंथात आणि चुलीचा हिशोब पत्नीच्या ग्रंथात, अशी विभागणी झाल्याने गावाचे जीवनही जणू दोन भागांत वाटले गेले आहे. हे दोन ग्रंथ एकत्र वाचल्याशिवाय पेरुपोकचे चित्र पूर्ण होत नाही. तरी फर्थ यांचे एक मोठे श्रेय मान्य करावे लागते. १९६३ मध्ये ते पुन्हा तेथे गेले आणि १९६६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी बदललेल्या गावाची नोंद केली. इंजिनाच्या होड्या आल्या, भांडवलाचे महत्त्व वाढले आणि त्याबरोबर माणसामाणसांतील नातीही बदलली. 'पारंपरिक' म्हणून ओळखले जाणारे गाव गोठलेले नसते, हे त्यांनी आपल्याच ग्रंथाला जोड देऊन दाखविले.

मराठी किनारा : रापण आणि डोल

पेरुपोकच्या वर्णनाला सर्वांत जवळचे मराठी उदाहरण म्हणजे सिंधुदुर्ग व गोव्याच्या किनाऱ्यावरील रापण. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढायचे, अशी ही रीत आहे. जाळे एकाच्या मालकीचे असो वा अनेकांच्या, ते ओढण्यास गाव लागते. मासळीची वाटणी करताना जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा निराळा काढला जातो. ऐनवेळी दोराला हात लावणाऱ्यालाही थोडी मासळी देण्याची रीत आहे. करवीर परिसरातील शेतकऱ्याला हे अपरिचित वाटणार नाही. पैरा, सावड आणि इर्जिक या शब्दांत घाटावरच्या शेतीनेही हाच व्यवहार जपला होता. फरक इतकाच की, सावडीत परतफेड श्रमाची असते, तर रापणीत त्याच दिवशी, त्याच वाळूवर, डोळ्यांदेखत वाटा मिळतो. वाटणी उघड्यावर होते म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

मुंबई, वसई, पालघरच्या किनाऱ्यावर डोल जाळ्याची रीत आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे असते. हे खुंट समुद्रात ज्या जागी ठोकले जातात तिला 'कव' म्हणतात. कव कोणाची, हे कागदावर क्वचितच लिहिलेले असते. परंतु गावागावांना ते ठाऊक असते. याच कवींच्या हद्दींवरून वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणू परिसरातील मच्छीमारांत दीर्घकाळ वादही चालत आले आहेत. सामाजिक बंधांचा विचार करताना हे वाद वगळून चालणार नाही. जेथे हक्काची वाटणी परस्परांच्या मान्यतेवर उभी असते, तेथे भांडण हाही त्या मान्यतेचाच एक पुरावा असतो.

या किनाऱ्याचे दुसरे वैशिष्ट्य स्त्रीच्या स्थानात आहे. मासळी किनाऱ्याला लागली की व्यवहारात ती बाईच्या ताब्यात जाते. निवडणे, सुकविणे, बाजारात नेणे, भाव ठरविणे आणि पैसा घरी आणणे ही कामे कोळी स्त्री करते. बांबूंच्या मांडवांवर सुकणारे बोंबील हे पावसाळ्यातील घरखर्चाची तरतूद असतात. ज्या पैशावर पुढच्या फेरीची बेगमी होते तो बहुतांशी तिच्या टोपलीतून येतो. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळी समाजावरील इंग्रजी ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका महानगराच्या पोटात राहणाऱ्या मच्छीमार समाजाला स्वतंत्र समाजशास्त्रीय अभ्यासाचा विषय मानणे हेच त्या काळात महत्त्वाचे पाऊल होते. मराठी ललित साहित्याने मात्र या समाजाच्या अर्थव्यवहाराकडे त्या प्रमाणात लक्ष दिले, असे म्हणता येत नाही.

'चेम्मीन' : दंतकथेआडची उधारी

'चेम्मीन'ला १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि रामू कारियाट यांच्या १९६५ च्या चित्रपटाने ती देशभर पोहोचली. या कादंबरीचा उल्लेख होतो तेव्हा बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. दर्यावर गेलेल्या पुरुषाचे प्राण किनाऱ्यावरील पत्नीच्या पावित्र्यावर अवलंबून असतात, या समजुतीची आणि करुत्तम्मा व परीकुट्टी यांच्या असफल प्रेमाची ती कथा मानली जाते. हे वाचन चुकीचे नाही. तथापि कादंबरीचा पूर्वार्ध नीट वाचला तर कथानकाची कळ दंतकथेत नसून उधारीत आहे, हे ध्यानात येते.

करुत्तम्माचा बाप चेंबनकुंजू याला स्वतःची होडी आणि जाळे हवे आहे. त्यासाठी लागणारा पैसा तो परीकुट्टी या तरुण मुस्लिम व्यापाऱ्याकडून घेतो. परीकुट्टी तो देतो, कारण त्याचे करुत्तम्मावर प्रेम आहे. होडी आल्यावर मात्र चेंबनकुंजू त्यालाच रोखीशिवाय मासळी द्यायला नकार देतो. व्यापारी आणि मच्छीमार यांच्यातील उधारीचा संकेत येथे मोडतो. परीकुट्टीचा व्यापार बुडत जातो आणि करुत्तम्माच्या मनावर जे ओझे राहते ते प्रेमाइतकेच न फेडलेल्या कर्जाचेही असते. गावच्या प्रमुखाची संमती, होडी कोणी बाळगावी याविषयीचे जातीय संकेत, बाजारात टोपली घेऊन जाणारी आई चक्की हे सारे तपशील तकळी यांनी केवळ स्थानिक रंगासाठी आणलेले नाहीत. गाव ज्या संकेतांवर उभे आहे, त्यांतील एकेक संकेत मोडत जाण्याची ती नोंद आहे.

उत्तरार्धात पळनीची शोकांतिका घडते ती याच मार्गाने. पत्नीविषयी कुजबुज सुरू झाल्यावर त्याचे सोबती त्याला होडीवर घेण्यास तयार होत नाहीत. म्हणून तो एकटा समुद्रात जातो आणि एकटाच बुडतो. दंतकथेच्या भाषेत सांगायचे तर पत्नीच्या स्खलनामुळे समुद्रमातेने त्याला नेले. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्या कामाला अनेक हात लागतात ते काम त्याला समूहाने एकट्याने करायला लावले. कादंबरी या दोन्ही अर्थांना वाव देते, हे तिचे सामर्थ्य आहे. तिची मर्यादाही येथेच आहे. अखेरच्या दृश्याची भव्यता दंतकथेला इतके बळ देते की, बहिष्काराचा मुद्दा मागे पडतो आणि स्त्रीवर ठेवलेली जबाबदारी जणू निसर्गनियम भासू लागते. सामाजिक बंध आधार देतात तसे ते शिक्षाही करतात, आणि त्या शिक्षेचा भार बहुधा स्त्रीवर पडतो. समूहजीवनाच्या गौरवात हे विसरले जाऊ नये.

'एका कोळियाने' : एकटेपणाचे सामाजिक कारण

हेमिंग्वे यांच्या कृतीचा मराठी वाचकांवरील प्रभाव मोठा आहे. पु. ल. देशपांडे यांनी दिलेले शीर्षक मार्मिक आहे. 'कोळी' या शब्दाचे मासे धरणारा आणि जाळे विणणारा कीटक हे दोन्ही अर्थ त्यात जागे होतात आणि शाळेत शिकलेल्या, पुन्हा पुन्हा पडून जाळे बांधणाऱ्या कोळ्याची आठवण होते. परंतु याच श्लेषामुळे वाचक चिकाटीच्या बोधाकडे आपोआप वळतो. म्हातारा सांतियागो हा जिद्दीचा पुतळा ठरतो आणि कथा माणूस विरुद्ध निसर्ग अशी वाचली जाते.

वस्तुतः म्हातारा समुद्रावर एकटा का आहे, याचे कारण कथेच्या आरंभीच आलेले आहे. ८४ दिवस त्याला मासा मिळालेला नाही. पहिले ४० दिवस मनोलिन हा मुलगा त्याच्याबरोबर होता. त्यानंतर आईवडिलांनी त्याला नशीबवान होडीवर धाडले. मुलाची इच्छा येथे अपुरी ठरते, कारण घराला त्याच्या कमाईची गरज आहे. सांतियागोचे एकटेपण हे अशा रीतीने वाट्याच्या अर्थशास्त्रातून आलेले आहे. दुसऱ्या बाजूने गावाने त्याला सोडलेलेही नाही. खानावळीचा मालक मार्टिन जेवण पाठवितो, मुलगा आमिषाचे मासे आणून देतो, म्हातारा परतला नाही तेव्हा तटरक्षक दल व विमाने त्याचा शोध घेतात. परतल्यावर मच्छीमार सांगाड्याचे माप घेतात. एवढा मासा गमावूनही म्हातारा त्याचे डोके एका सोबत्याला सापळ्यातील आमिषासाठी आणि भाल्यासारखे तोंड मुलाला देऊन टाकतो. मांस शार्कने नेले, तरी वाटणी झालीच. हा तपशील लक्षात घेतला तर कथेचा शेवट पराभवाचाही राहत नाही आणि केवळ वैयक्तिक विजयाचाही राहत नाही. समुद्रावर असताना म्हातारा वारंवार त्या मुलाची आठवण काढतो, त्यामागेही हीच उणीव आहे.

पळनी आणि सांतियागो यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोघेही अखेरच्या फेरीत एकटे आहेत आणि दोघांनाही मोठ्या माशाने खोल समुद्रात ओढून नेले आहे. एकाला गावाने नाकारले, म्हणून तो परत येत नाही. दुसऱ्याला गावाने पूर्णतः सोडलेले नाही, म्हणून त्याच्या परतण्याला अर्थ आहे. दोन्ही कृतींत समुद्र तोच आहे. फरक आहे तो किनाऱ्याचा.

कोळीगीत आणि नजरेआडचा खलाशी

शांता शेळके यांची, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते मराठी भावसंगीताचे वैभव आहेत. वाट पाहणाऱ्या स्त्रीची हुरहुर आणि दर्यावरील पुरुषाचा दिमाख त्यांत ज्या लयीत आला आहे, तो अन्यत्र आढळत नाही. या गीतांना समाजशास्त्राचा निकष लावून कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. मात्र त्यांच्यामागून आलेल्या असंख्य अनुकरणांनी कोळीगीत हा प्रकार लग्नसमारंभ आणि स्नेहसंमेलनाच्या ठेक्यापुरता उरविला. या गीतांच्या जगात नाखवा असतो, त्याची प्रिया असते. तांडेलाच्या हाताखाली राबणारा खलाशी जवळजवळ नसतो. बाजारात भावासाठी हुज्जत घालणारी कोळीण असते, पण ती विनोदासाठी. याउलट आगरी-कोळी समाजात लग्नविधीची गीते गाणारी धवलारीण ही स्वतः विधीची अधिकारी असते. तिच्या गाण्याला सामाजिक काम असते. लोकगीत आणि लोकप्रिय गीत यांतील हा भेद लोकसाहित्याच्या अध्यापनात स्पष्ट होणे आवश्यक आहे.

बदलता किनारा आणि समीक्षेची जबाबदारी

या विवेचनाला केवळ वाङ्मयीन महत्त्व नाही. १९७० च्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रापणकारांचे आंदोलन उभे राहिले, त्यात माथानी साल्ढाणा अग्रभागी होते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ मध्ये झाला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध आले आणि २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद ठेवण्याचा समाजाचा संकेत आता १ जून ते ३१ जुलै अशा ६१ दिवसांच्या शासकीय बंदीत रूपांतरित झालेला आहे. संकेत मोडणाऱ्याला समाज जाब विचारीत असे. नियम मोडणाऱ्याला दंड होतो. या दोहोंतील अंतर हे समूहजीवनातील बदलाचे माप आहे. रत्नागिरीच्या बंदरांतील अनेक नौकांवर आज नेपाळमधून आलेले खलाशी काम करतात. उचल घेऊन हंगामापुरता आलेला हा गडी गावाच्या वाटणीत असतो, पण गावाच्या गणनेत नसतो.

वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी मुंबई किनारी रस्त्याच्या खांबांमधील अंतरासाठी लढा दिला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये होड्यांच्या मार्गावर ते ६० मीटरऐवजी १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. डहाणूजवळील वाढवण बंदरास मच्छीमारांचा दीर्घकाळ विरोध असताना जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. गडमुडशिंगी परिसराने कोल्हापूर विमानतळाच्या विस्तारासाठीचे भूसंपादन जवळून पाहिले आहे. मोबदल्याविषयी कितीही मतभेद असले तरी तेथे सातबारा असतो, गट क्रमांक असतो, खातेदाराचे नाव असते. दर्याला सातबारा नसतो. कवीची जागा, रापणीचा दोर ओढण्याचा हक्क, टोपलीतून मासळी विकणाऱ्या विधवेचे बाजारातील ठाणे यांची नोंद कोठे करायची? भरपाईच्या कागदावर होडीचा मालक सहज दिसतो. खलाशी आणि विक्रेती स्त्री सहज दिसत नाहीत. गीतात आणि कथेतही नेमके हेच दोघे पुसट झालेले आहेत, हा योगायोग मानता येत नाही. ज्यांना समाजाची कल्पनाशक्ती पाहत नाही, त्यांना समाजाचे कागदही पाहत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मच्छीमार गावातील एकोपा हा निसर्गाने दिलेला गुण नसून सामायिक श्रम, उघड वाटणी आणि परस्परांची उधारी यांतून तो रोज घडवावा लागतो, हे फर्थ यांच्या ग्रंथातून आणि रापणीच्या रीतीतून दिसते. हाच बंध बहिष्काराचे हत्यारही होऊ शकतो, हे 'चेम्मीन' दाखविते. ज्या कृतीला आपण एकट्या माणसाची गाथा मानतो तिच्यातही किनाऱ्यावरचे गाव उपस्थित असते, हे 'एका कोळियाने'च्या फेरवाचनातून ध्यानात येते. हिशोबाने भावना मोजता येत नाही आणि भावनेने हिशोब झाकता येत नाही. म्हणून समाजशास्त्र आणि साहित्य यांचे वाचन परस्परांच्या सोबतीने होणे आवश्यक आहे.

घाटमाथ्यावरील महाविद्यालयांत किनाऱ्याचे साहित्य शिकविताना वर्गात तीन साधे प्रश्न विचारता येतील. या कृतीत मासळीचा वाटा कोणाकोणाला मिळतो? होडी कोणाच्या पैशाने उभी आहे? आणि ती परतली नाही तर त्या घरी कोण जाते? ज्या कृतीत या प्रश्नांची उत्तरे सापडतात, तिच्यातील समुद्र अधिक खोल असतो. ज्या कृतीत ती सापडत नाहीत, तिच्यातील मौनाचाही अभ्यास व्हावयास हवा.